चैत्रात वाफ नसते

६ नोव्हेंबर १९८८, रविवार. भडगाव

दिवाळीआधी नवी वही. जुनीची पाने संपून पंधरा दिवस झाले होते, पण लिहिण्याजोगे काही घडले नाही. काल घडले. मोतीलालचे पत्र आले.

मोतीलाल म्हणजे माझा सातवीतला विद्यार्थी. वृत्ताचे गण बोटांवर मोजताना जीभ बाहेर काढायचा. आता चोपड्याला वनखात्याच्या कचेरीत आहे. लिहितो की, उनझिऱ्याभोवती, त्या ऊन पाण्याच्या झऱ्याभोवती, खाते उद्यान करणार आहे. झाडे, बाके, कठडा, बायकांना कपडे बदलायला खोली आणि दाराशी मोठा फलक. त्या फलकावर ‘भेट देण्यास उत्तम काळ’ अशा मथळ्याखाली चार ओळी हव्यात. “गुरुजी, त्या तुम्हीच लिहायच्या. तुम्ही वर्गात बीजगणित सोडून उनझिरा शिकवायचे, हे मी विसरलेलो नाही.”

लबाड. मी बीजगणित शिकवतच नव्हतो.

पण उनझिरा शिकवला, हे खरे. चौदा वर्षांचा होतो तेव्हा आमच्या मास्तरांनी गाड्या जुंपून नेले होते. पौषी पुनव, सातपुड्याचा पायथा, पहाटेची हाडे गोठवणारी थंडी, आणि दगडी टाक्यातून वाफेचे खांबच्या खांब वर चाललेले. डोंगर पेटला आहे असे वाटून आमच्यातला एक रडलाच. मी तोंड वर करून पाहत राहिलो. पुढे एकोणिसाव्या वर्षी त्यावर कविता केली. तिच्या दोनच ओळी आता नीट आठवतात:

धुक्याच्या कुशीतून ये ऊन पाणी
जशी माय सांगे मुलाला कहाणी

लग्न झाले तेव्हा ताईबाईला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीला, पहिली हीच ऐकवली आणि वचन दिले की तुला तिथे नेईन, ऐन पौषात. त्याला सत्तेचाळीस वर्षे झाली. कधी परीक्षा, कधी बाळंतपण, कधी आजारपण. मास्तराच्या घरात पौष नेहमी कामाचाच निघाला.

आज हिला पत्र वाचून दाखवले आणि ठरवून टाकले. या पौषात जायचेच. सहज विचारले, “रुपचंदची माय, तुला कोणता महिना आवडेल?”

“माले काय, कवय बी चालस. चैतमा जाऊत.”

“चैत्रात? अगं, उन्हाळ्यात वाफ कुठली दिसणार?”

“तुमनी माय काय हिवायामाच कहानी सांगे का?” म्हणाली आणि सुपाकडे वळली. हिचे आजोळ तापीपल्याडचे, जीभ डोंगराकडची. आपण काय बोलणार.

९ नोव्हेंबर, बुधवार. लक्ष्मीपूजन

संध्याकाळी पणत्या लावल्या. ही ओट्यावर बसून बराच वेळ दिव्याकडे पाहत होती. मग म्हणाली, “दिवाले कडं शे, दखा. बठ्ठा रंग शेत त्याना मा.”

मला दिसले नाही. पण ऐकून जीव हरखला. जन्मभर मी उपमा देत आलो आणि हिने त्यांत मीठ कमी काढले. आज ही स्वतःहून ज्योतीला इंद्रधनुष्याचे कडे घालते! कवितेशी एवढा संसार केल्यावर थोडी तरी लागायचीच. त्या कड्यावर मीच दोन ओळी रचल्या, त्या मागच्या पानावर आहेत.

कपाळ दुखते म्हणून लवकर निजली.

२ डिसेंबर, शुक्रवार

हिच्या डोळ्यांत मोतीबिंदू येतो आहे असे दिसते. डाळीतले खडे राहू लागले आहेत. आज दाराच्या चौकटीला खांदा लागला; गेल्या आठवड्यातही लागला होता. शेजारचे अभिमन आबा म्हणाले, “गुरुजी, घाई करू नका. माझा तीन वर्षं पिकू दिला. कच्चा काढला का बिघडतो.” त्यांचा शिबिरात काढला, आता पेपर वाचतात आणि छापील चुका मला दाखवतात.

केळीचा घड खोलीत ठेवला की कोणी रोज दाबून पाहत नाही. तोही आपल्या दिवसाने पिकतो. मीही तसेच ठरवले आहे. पुढच्या हिवाळ्यात शिबिर लागेल तेव्हा काढून घेऊ. हिला सांगितले. “बरं,” म्हणाली.

रोज सकाळी गिरणा नदीच्या काठी जाऊन धुके पाहतो. धुके चांगले पडले तर उनझिऱ्याला वाफ चांगली. पौषी पुनव २१ जानेवारीला आहे.

८ जानेवारी १९८९, रविवार

तयारी जोरात. चोपड्याला मोतीलालच्या घरी मुक्काम. तो जीप सांगून ठेवतो आहे. हिला नवी शाल घेतली. ही कळण्याच्या, ज्वारी-उडदाच्या, भाकरीचे पीठ दळून आणते म्हणाली. भाकरी तिसऱ्या दिवसापर्यंत टिकते.

आज हिला टाक्याची पुन्हा सगळी हकिकत सांगितली. गोमुख कुठे, दगड केवढे, वाफ कशी वळसे घेत चढते. ही ऐकताना मान हलवते, पण कधी एक प्रश्न विचारत नाही. इतकी वर्षे ऐकून चित्र पक्के झाले असणार.

२० जानेवारी, शुक्रवार

घात झाला. तीन दिवस आभाळ भरून आले आहे, उबारा सुटलाय, थंडी कुठल्या कुठे. मोतीलालला पोस्टातून फोन लावला. म्हणाला, “गुरुजी, इथे कालपासून ढग. वाफ नावाला. त्यात पुनवेच्या मेळ्याची गर्दी, टाक्यात पाय ठेवायला जागा नाही. पुढच्या पौषात या ना! तोवर आमचं उद्यानही झालेलं असेल.”

खूप विचार केला. सत्तेचाळीस वर्षे थांबून पहिल्यांदा दाखवायचा तो ढगातला, गर्दीतला, अर्धामुर्धा उनझिरा? नको. दाखवीन तर असा की हिने तोंडात बोट घालावे. पुढचा पौष.

हिला सांगितले. भाकऱ्या बांधून झाल्या होत्या. हिने गाठ चाचपडत सोडली आणि भाकऱ्या परत दुरडीत रचल्या. “पुढला पौष कवय शे?” एवढेच विचारले. मी पंचांग काढून तारीख सांगितली.

२१ जानेवारी

भाकरी खाल्ली. आभाळ तसेच.

१४ फेब्रुवारी, मंगळवार

आज ही अंगणातल्या पायरीवरून पडली. हाड मोडले नाही, गुडघा फुटला. मी पाणी मागितले होते. तांब्यातले पाणी फुलपात्राच्या शेजारी ओतत होती, अगदी शांतपणे, सगळे पाणी जमिनीवर. मग फुलपात्र माझ्यापुढे धरले. रिकामे.

“रुपचंदची माय, हे काय?”

तिने आत बोट घालून पाहिले. “धाकलं फुलपात्र शे,” म्हणाली.

गुडघा जरा भरला की धुळ्याला जावे म्हणतो. अभिमन आबा म्हणतात, “पिकलं वाटतं आता.” पिकले असेल तर बरेच.

२० फेब्रुवारी, सोमवार. धुळ्याहून परत

जसे झाले तसे लिहितो.

पारोळ्यावरून गेलो, सकाळी अकराला धुळ्यात. डॉक्टर तरुण आहेत, हळू बोलतात. बराच वेळ डोळ्यांत बत्ती धरली. मग हिला बाहेर बसवून मला विचारले, “दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, असं कधी म्हणाल्या होत्या का?”

मी हो म्हणालो. दिवाळीत.

“डोकं दुखायचं? चौकटींना धडकायच्या?”

हो. हो.

“आजोबा, हा मोतीबिंदू नाही. काचबिंदू आहे. हा पिकायची वाट पाहायची नसते. डावा डोळा गेला. उजव्याला नळीतून पाहावं तेवढं समोरचं दिसतं. गेलेलं परत येत नाही. थेंब देतो. उरलेलं जितके दिवस टिकेल तितके टिकवू.”

“किती दिवस?”

“सांगता येत नाही. महिन्यांत मोजा.”

“पुढच्या पौषापर्यंत?”

त्यांना कळले नाही, आणि मी समजावले नाही.

येताना बसमध्ये हिला काय सांगावे याची जुळवाजुळव करत होतो. पारोळा गेल्यावर हीच म्हणाली, “एक डोया गया ना? माले दिवाईपासूनच ठाऊक शे.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही कड्यावर कविता करी ऱ्हायंता.”

मी खिडकीकडे तोंड फिरवले. तिने माझा हात धरला. “मंग आते कसाले रडतस, गुर्जी? पानीमा उतराले डोया नही लागतस, पाय लागतस.”

२१ फेब्रुवारी

मागच्या पानावरच्या त्या दोन ओळी खोडल्या.

५ मार्च, रविवार

पंधरा दिवस थेंब घालतो आहे. सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा. घड्याळाला गजर लावला आहे. एकही वेळ चुकवलेली नाही आणि चुकवणार नाही.

आज मोतीलाल स्वतः आला, अंगणात बसला. मी म्हणालो, पुढच्या महिन्यात येतो, जीप सांग.

“गुरुजी, एप्रिलात? तिथे माणूस नसतं! दगड तापलेले, झाडं बोडकी, बेचाळीस-त्रेचाळीसचं ऊन. गरम पाण्यात उन्हाळ्यात कोण उतरतं? आणि वाफ तर औषधाला नाही.”

“वाफ नसू दे.”

“तुम्हीच म्हणायचे की वाफेशिवाय उनझिरा म्हणजे चाल नसलेली कविता!”

“तेव्हा मी मूर्ख होतो. आता तू मला ते पाठ म्हणून दाखवू नकोस.”

आत ही हसली. मोतीलाल ओशाळला. मुलाला, रुपचंदलाही, सुरतेला पत्र टाकले होते. त्याचे उत्तर आले की आईला उन्हात हिंडवू नका. मी उलट लिहिले की आईचे सगळे हिंडणे मी आजवर सावलीत ठेवून घालवले. जाणार. या चैत्रात जाणार. पाडवा झाला की निघायचे.

मला एकच भीती वाटते, आणि ती इथे लिहून ठेवतो. इतक्या वर्षांच्या बाता ऐकल्यावर हिला तिथे एक साधे डबके दिसेल, तेही नळीतून. हिच्या नजरेतले शेवटचे मोठे दृश्य ते असेल, आणि ते बेताचेच निघेल.

१९ मार्च, रविवार

रोज पहाटे गिरणेच्या काठावर चालण्याचा सराव. पहिल्या दिवशी साठ पावले, आज सहाशे. ही माझ्या दंडाला धरते. मी सांगतो, दगड, खड्डा, बाभळीची मुळी. कालपर्यंत सांगत होतो. आज ही म्हणाली, “तुम्ही गप ऱ्हा. तुम्ही बोलतस तवय मना पाय ऐकतस नही.”

गप्प राहिलो. सहाशे पावलांत ती एकदाही अडखळली नाही. मी दोनदा अडखळलो.

पायऱ्या राहिल्या. टाक्यात उतरायला पायऱ्या आहेत, किती ते मला आठवत नाही. नदीच्या घाटावर पाच-पाच पायऱ्यांचा सराव करतो आहोत. घाटावरच्या बायका हसतात. “म्हातारा-म्हातारी शर्यत लावतात का काय!” ही त्यांना म्हणते, “हो बाई, तुमना गुर्जीना नंबर दुसरा येस.”

१० एप्रिल, सोमवार. चोपडा

पोचलो. एरंडोलला बस बदलली. तापीचा पूल आला तेव्हा हिने खिडकीबाहेर तोंड काढले, डोळे मिटून. वारा तापलेला होता. “तापी उनी,” म्हणाली; आल्याचे तिला न पाहताच कळले. पात्र रुंद आहे, पाणी कडेला सरकले आहे, हे मी सांगणार होतो. सांगितले नाही.

मोतीलालच्या बायकोने शेवभाजी केली. उद्या पहाटे जीप.

११ एप्रिल, मंगळवार. उनझिरा आणि परत

आज जे झाले ते क्रमाने लिहितो. मला त्यातले थोडे समजलेले नाही, म्हणून तर नीट लिहायला हवे.

उजाडता पोचलो. मोतीलाल खोटे बोलला नव्हता. बोडका डोंगर, अर्धवट कठडा, सिमेंटच्या गोण्या, रंग न दिलेली दोन बाके. फलकाचे नुसते खांब उभे. वाफ नाही. मी वर पाहिले, आणि वर काही नव्हते. निळे आभाळ होते.

ही जीपमधून उतरली आणि थांबली. “मोहू,” म्हणाली. खरेच, कुठूनसा मोहाच्या फुलांचा वास येत होता. झाडांखाली एक पावरा आदिवासी बाई टोपलीत फुले वेचत होती. साठीची असेल. मोतीलालने ओळख करून दिली. गुंताबाई. टाक्याची देखभाल तिच्या घराकडे, पिढ्यांपासून.

मी तिला म्हणालो, “बाई, चुकीच्या वेळी आलो. मेळ्याला यायचे होते.”

गुंताबाईने मला खालपासून वरपर्यंत पाहिले. “मेळ्याला बापे येतात, गुरुजी. धूर बघायला. मेळा झाला का टाक्यात नुसती घाण. मग आम्ही बाया फागणात सगळं पाणी उपसतो, राखेनं दगड न् दगड घासतो. चैतात नवं पाणी भरतं, ते बायांचं. आजूबाजूच्या गावच्या बाया येतात, लेकी घेऊन. बापे तेव्हा येत नाहीत. त्यांना ठाऊकच नसतं.”

हे मला खरेच ठाऊक नव्हते. सत्तेचाळीस वर्षे वर्णन करतो आहे!

मी हिचा हात धरून टाक्याकडे नेले. पायऱ्या सुरू झाल्या. मी मोजत होतो. आठवीवर आलो तशी हिनेच मला मागे ओढले.

“नववीले डावा कोना नही शे. जपा.”

खाली वाकून पाहिले. नवव्या पायरीचा डावा कोपरा तुटलेला. जुनी मोड, झिजून गुळगुळीत झालेली. मी तर पाय टाकलाच होता. ही उजव्या बाजूने उतरली आणि गोमुख असते तिकडे बरोबर वळून बसली. दोन्ही पाय पाण्यात सोडले.

मोतीलाल म्हणाला, “गुरुजी, तुमच्या वर्णनाची कमाल आहे! काकूंना न बघता सगळं ठाऊक.”

मलाही क्षणभर तसेच वाटले, आणि छाती फुगली, हे कबूल करतो. पण नववी पायरी माझ्या कोणत्याच वर्णनात नाही.

मग मी शेजारी बसलो. हनुवटीला धरून तिचे तोंड वळवणार होतो, नळी बरोबर पाण्यावर यावी म्हणून. पण तिने आधीच मान खाली घातली होती. वाकून, पाण्याला नाक टेकेल इतकी. बराच वेळ.

“दिसतं का काही?”

“दिसस.”

“वाफ नाही गं. माफ कर.”

“वाफ नही म्हनीसन तर दिसस. तय दखा.”

मी तळ पाहिला. आयुष्यात पहिल्यांदा. पाणी इतके स्वच्छ की आहे की नाही कळू नये. तळाला तांबड्या-पांढऱ्या गारगोट्या, आणि त्यांच्या फटींतून बुडबुड्यांच्या माळा वर येत होत्या, एकामागे एक, न थांबता. पौषात त्यावर वाफ असते. वाफेत हिला माझे तोंडही दिसले नसते.

“मोजा,” ही म्हणाली. “कितला मुखं शेत?”

मी पाच मोजले. “सात शेत,” ती म्हणाली. मग मला सापडले सात.

गुंताबाई तिच्या पलीकडे येऊन बसली. पाण्यात पाय घालून काहीतरी गुणगुणू लागली, पावरी बोलीतले, बायकांचे. ही त्यात मिसळली. शब्दांसकट नव्हे, पण चालीसकट. मी आणि मोतीलाल वर जाऊन कळण्याच्या भाकरीची गाठ सोडून बसलो. आम्हाला कोणी खाली बोलावले नाही.

निघताना ही पायऱ्या एकटी चढली.

१२ एप्रिल

थेंबांची एकही वेळ चुकलेली नाही. लिहिण्यासारखे बाकी काही नाही. पुनःपुन्हा मनात येते, सात.

२ मे, मंगळवार. भडगाव

मोतीलालचे पत्र. फलक रंगवायला आला आहे, मजकूर तातडीने पाठवा.

सकाळी बसलो. तीन कागद फाडले. पहिल्यात पौष होता आणि तीन उपमा होत्या. दुसऱ्यात एक उपमा. चौथा कागद हिला वाचून दाखवला. आता हिला मोठी अक्षरेही दिसत नाहीत. उजव्या डोळ्याने उजेड-सावली कळते, आणि अगदी जवळ आणलेली वस्तू. परवा हातात लिंबू घेऊन म्हणाली, “पिवयं शे,” आणि ते लिंबू दिवसभर खाली ठेवले नाही.

वाचले: “पौषात थंडी असते, वाफ पाहण्यास लोक येतात. चैत्रात वाफ नसते. पाणी स्वच्छ असते व तळ दिसतो. सात मुखे आहेत, ती मोजावीत.”

“नववी पायरी ऱ्हायनी,” ही म्हणाली.

मी लेखणी खाली ठेवली. आणखी एखाद्या चांगल्या वेळेची वाट पाहायची नाही असे फेब्रुवारीत ठरवले होते, म्हणून तेव्हाच विचारले. “रुपचंदची माय, तू आधी गेली होतीस ना तिथे?”

“हो मंग. आजोयना गावनी शे ती वाट. मायनासंगे जाऊत, लगीन व्हवापर्यंत. दर फागन-चैतमा.” ती लसूण सोलत होती, बोटांनी पाकळी चाचपत. “नववी पायरी मी पडनू तवयच फुटनी. वरवंटा व्हता हातमा, राख वाटाना. माले सात टाके पडनात.”

“सत्तेचाळीस वर्षं मी तुला तेच सांगत बसलो! एकदा तरी म्हणायचं होतंस.”

“कसाले? तुम्ही वाफ सांगेत.” लसणाची पाकळी माझ्या हातावर ठेवली. “ती मी दखेल नव्हती.”

मग ती म्हणाली, “म्हना ना ती. कहानीवाली.”

दोन्ही ओळी म्हटल्या. दुपारी दोनचा गजर झाला, थेंब घातले. तिचे डोळे मिटलेले असतानाच कागदावर शेवटचे वाक्य वाढवले आणि पोस्टात टाकून आलो:

“नववी पायरी डाव्या कोपऱ्याला तुटलेली आहे. उतरताना वर पाहू नये.”